न्हाणीघरातील विवेक

जैन कुटुंबाच्या स्वयंपाकघरात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूची किती काटेकोर चौकशी होते, हे वेगळे सांगावयास नको. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका आहे ना, चीजमध्ये कोणते रेनेट वापरले आहे, मिठाईवरचा वर्ख कशात कुटला आहे, हे प्रश्न घरातील आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सारे विचारतात. हीच चौकशी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी मात्र थबकते. साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, क्रीम, लिपस्टिक, केसांचा रंग यांची निवड सुगंध, किंमत आणि जाहिरात पाहून होते. खाल्लेले पोटात जाते, लावलेले धुऊन जाते, अशी एक समजूत त्यामागे असते.

ही समजूत पुरती खरी नाही. लिपस्टिकचा काही अंश जेवताना पोटात जातोच. लहान मुले टूथपेस्ट गिळतात. काही द्रव्ये त्वचेतून रक्तातही उतरतात. आणि वस्तू धुऊन गेली, तरी ती तयार करताना जे घडले ते धुतले जात नाही.

प्रसाधनाची वस्तू हाती घेतल्यावर विवेकी गृहस्थाने तीन प्रश्न विचारावयास हवेत. ही वस्तू प्राण्यांवर तपासून पाहिली आहे काय? हिच्यातील घटक प्राण्यांच्या शरीरातून आले आहेत काय? आणि ही वस्तू वापरणाऱ्याच्या शरीराला सुरक्षित आहे काय? बाजारात या तीन प्रश्नांची सर्रास गल्लत होते. ‘क्रुएल्टी फ्री’, ‘व्हेजिटेरियन’, ‘नॅचरल’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे मानले जातात. वस्तुतः प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळे आहे, आणि कायद्याने तिन्हींची उत्तरे सारख्याच नेटाने दिलेली नाहीत.

कायद्याची चौकट

भारतात प्रसाधनांवर ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४०’ लागू आहे. मूळ कायदा केवळ औषधांचा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्याच्या नावात आणि कक्षेत सौंदर्यप्रसाधने आली. स्वच्छता, सौंदर्यवृद्धी किंवा रूपात बदल करण्यासाठी मानवी शरीरावर चोळावयाची, ओतावयाची, शिंपडावयाची किंवा अन्य रीतीने लावावयाची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन, अशी ती व्यापक व्याख्या. गंमत अशी की घरोघर सर्वांत अधिक वापरला जाणारा साबण या व्याख्येतून वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने तो आत घेतला गेला. डिसेंबर २०२० मध्ये ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ हे स्वतंत्र नियम प्रसिद्ध झाले. आयात होणाऱ्या प्रसाधनांची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना करते. देशातील उत्पादनाचा परवाना राज्य शासन देते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

पहिला प्रश्न : परीक्षणातील हिंसा

१९४४ च्या सुमारास अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी एक चाचणी रूढ केली. सशाच्या डोळ्यात किंवा त्याच्या भादरलेल्या त्वचेवर द्रव्य घालावयाचे आणि किती दाह होतो, व्रण पडतो, दृष्टी अधू होते, याची नोंद ठेवावयाची. पुढे कित्येक दशके जगभरच्या शाम्पूंची आणि क्रीमची सुरक्षितता याच मार्गाने सिद्ध केली गेली.

युरोपीय संघाने हा मार्ग टप्प्याटप्प्याने बंद केला. २००४ मध्ये तयार प्रसाधनांच्या आणि २००९ मध्ये त्यांतील घटकांच्या प्राणी-परीक्षणावर बंदी आली. मार्च २०१३ पासून अशा रीतीने तपासलेल्या प्रसाधनांची विक्रीही थांबली. भारताने फार उशीर केला नाही. मे २०१४ मध्ये प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास नियमाने मनाई झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची आयातही निषिद्ध ठरली. दक्षिण आशियात असे पाऊल उचलणारा भारत पहिला देश होय.

मग सुरक्षितता तपासावयाची कशी? मानवी त्वचेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या तुकड्यावर द्रव्य घालून दाह मोजण्याची पद्धत आज मान्यताप्राप्त आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये तिला अधिकृत चाचणीचा दर्जा दिला. रेणूच्या रचनेवरून संगणकाने अंदाज बांधण्याच्या पद्धतीही आहेत. तथापि ‘पर्यायी चाचणी’ या शब्दातही तपशील दडलेला असतो. डोळ्याच्या दाहाची एक मान्य पर्यायी चाचणी कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांवर केली जाते. जिवंत सशाची यातना तिच्यात टळते, परंतु प्राणिज वस्तूशी असलेला संबंध मात्र पुरता सुटत नाही.

एवढे खरे, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने स्पष्ट दिले आहे. म्हणूनच डब्यावरील सशाचे चित्र किंवा ‘क्रुएल्टी फ्री’ ही अक्षरे पाहून निश्चिंत होण्याचे कारण नाही. ती अक्षरे परीक्षणाविषयी बोलतात, घटकांविषयी नाही. प्राण्यावर न तपासलेल्या लिपस्टिकमध्ये कीटकांपासून काढलेला रंग असू शकतो, आणि तसे असूनही तिच्यावरील ते चित्र खोटे ठरत नाही.

दुसरा प्रश्न : घटकांचे मूळ

साबणाचे रसायनशास्त्र सोपे आहे. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. तेल खोबऱ्याचे आहे, ताडाचे आहे की चरबी गुरांची आहे, हे त्या क्रियेला ठाऊक नसते. पाश्चात्त्य देशांत साबण म्हणजे चरबीचा, हेच दीर्घकाळ गृहीत होते. मुंबईत १९१८-१९ च्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी केवळ वनस्पती तेलांपासून स्नानाचा साबण बनवून बाजारात आणला, तेव्हा अहिंसा मानणाऱ्या ग्राहकांना त्याचे मोठे अप्रूप वाटले, ते यामुळेच. पुढे १९८३ मध्ये वनस्पती तुपात गुरांच्या चरबीची भेसळ उघडकीस येऊन देशभर क्षोभ उसळला आणि प्राणिज चरबीच्या आयातीवर कठोर निर्बंध आले. त्यामुळे आज भारतात बनणाऱ्या बहुतेक स्नानाच्या साबणांचा पाया ताडतेल आणि खोबरेल हाच आहे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या किंवा आयात केलेल्या साबणाविषयी मात्र असे गृहीत धरता येत नाही.

येथे एक नेहमीचा गैरसमज दूर करावयास हवा. साबणाच्या वेष्टनावर ‘टी.एफ.एम.’ असा आकडा असतो. तो साबणातील एकूण स्निग्ध द्रव्याचे प्रमाण सांगतो. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या स्नानाच्या साबणात ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ७० टक्के आणि तिसऱ्या श्रेणीत ६० टक्के असावे लागते. ‘बेदिंग बार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीला किमान ४० टक्के पुरतात. हा आकडा दर्जा ठरविण्यास उपयोगी आहे, पण स्निग्ध द्रव्य किती एवढेच तो सांगतो. ते कोणाचे, हे सांगत नाही. ७६ टक्क्यांचा साबण संपूर्ण चरबीचाही असू शकतो.

मूळ ओळखावयाचे तर घटकांची यादी वाचावी लागते. सोडियम पामेट म्हणजे ताडतेलाचा, सोडियम पाम कर्नेलेट म्हणजे ताडाच्या बियांतील तेलाचा आणि सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेलाचा साबण. सोडियम टॅलोएट दिसले, की तो गुरामेंढरांच्या चरबीचा साबण समजावा. ‘टॅलो’ म्हणजेच चरबी.

इतर घटकांचीही अशीच ओळख करून घेता येते. लिपस्टिक आणि रूजमधील ‘कार्माइन’ हा लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील कीटकांना वाळवून व कुटून काढतात. एक किलो रंगासाठी लाखाहून अधिक कीटक लागतात. वेष्टनावर तो ‘सी.आय. ७५४७०’ या क्रमांकानेही लिहिलेला असतो. ‘लॅनोलिन’ हा मेंढीच्या लोकरीतील मेणासारखा पदार्थ. ‘बीजवॅक्स’ किंवा ‘सेरा अल्बा’ म्हणजे मधमाशांचे मेण. ‘शेलॅक’ म्हणजे लाखेच्या कीटकांचा स्राव, तो केसांच्या स्प्रेमध्ये आणि नखांच्या रंगात आढळतो. ‘केराटिन’ शिंगे, खूर, पिसे वा लोकर यांतून मिळते. ‘कोलॅजेन’ आणि ‘जिलेटिन’ कातडी व हाडांपासून बनतात. ‘ग्वानिन’, म्हणजे ‘सी.आय. ७५१७०’, ही माशांच्या खवल्यांची चमक आहे. आता तिच्या जागी बहुधा अभ्रकाचे चूर्ण वापरले जाते.

काही नावे मात्र दुतोंडी आहेत. ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल आणि स्क्वालेन ही द्रव्ये वनस्पतींपासूनही मिळतात आणि प्राण्यांपासूनही. स्क्वालेन पूर्वी मुख्यतः शार्कच्या यकृतातील तेलापासून काढीत, आता ते ऑलिव्ह आणि उसापासूनही बनते. हायलुरॉनिक आम्ल एके काळी कोंबड्याच्या तुऱ्यातून मिळवीत, आज ते बहुतांशी जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. रेणू तोच, मूळ वेगळे. यादी कितीही बारकाईने वाचली, तरी अशा घटकांचे मूळ तिच्यातून कळत नाही. ते केवळ उत्पादकच सांगू शकतो.

म्हणूनच ठिपक्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बंद पाकिटातील खाद्यपदार्थांवर शाकाहारी-मांसाहारी खूण सक्तीची होऊन दोन दशके उलटली. प्रसाधनांच्या बाबतीत तसे घडले नाही. २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘ओझैर हुसेन विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात ग्राहकाचा जाणून घेण्याचा हक्क मान्य केला आणि जीवरक्षक औषधे वगळता इतर औषधांवर व प्रसाधनांवर प्राणिज घटकांची खूण करण्याचे निर्देश दिले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. जून २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच नियम केला, की साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि इतर प्रसाधनांवर मांसाहारी मूळ असल्यास लाल किंवा तपकिरी आणि शाकाहारी मूळ असल्यास हिरवा ठिपका असावा. उद्योगांनी त्यास हरकत घेतली. त्यांची अडचण सर्वस्वी बनावट नव्हती. ग्लिसरीनसारखे द्रव्य अनेक पुरवठादारांकडून येते आणि प्रत्येक खेपेच्या मुळाचा माग ठेवणे खर्चाचे असते. अखेर २०२१ मध्ये औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने ही खूण सक्तीची न करता ऐच्छिक ठेवावी, असा कौल दिला.

याचा व्यवहारातील अर्थ असा : वडीवर हिरवा ठिपका असेल, तर उत्पादकाने तो स्वेच्छेने दिलेला आहे. ठिपका नसेल, तर ती वस्तू मांसाहारीच आहे असे म्हणता येत नाही आणि शाकाहारी आहे असेही म्हणता येत नाही.

आणखी एक बाब जैन वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. खाद्यपदार्थांच्या २०२० च्या नियमांत ‘मांसाहारी’ची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध व दुग्धजन्य पदार्थांबरोबर मध, मधमाशांचे मेण आणि शेलॅकही वगळले आहेत. म्हणजे हे घटक असलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका कायदेशीर ठरतो. मध वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबाला तो ठिपका अपुरा आहे. शासनाची व्याख्या सर्वसामान्य शाकाहारासाठी केलेली आहे. श्रावकाचाराच्या सूक्ष्म मर्यादा तिने सांभाळाव्यात, ही अपेक्षा रास्त नव्हे. तेथून पुढची यतना ज्याची त्यानेच करावयाची असते.

‘आयुर्वेदिक’ या शब्दाविषयीही हीच सावधगिरी हवी. अनेक दंतमंजने, तेले आणि साबण आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर विकले जातात. आयुर्वेदाच्या द्रव्यसंग्रहात वनस्पती विपुल आहेत, पण केवळ वनस्पतीच नाहीत. शंखभस्म आणि प्रवाळ त्यात आहेत. काही दंतमंजनांत वापरला जाणारा ‘समुद्रफेन’ म्हणजे नावाप्रमाणे समुद्राचा फेस नसून माकुळाच्या जातीच्या सागरी जीवाच्या शरीरातील हाडासारखा भाग होय.

तिसरा प्रश्न : वापरणाऱ्याची सुरक्षितता

वस्तू प्राण्यांवर तपासलेली नाही, तिच्यात प्राणिज घटकही नाहीत, तरीही ती घातक असू शकते. पारा आणि शिसे ही खनिजे पूर्णपणे ‘शाकाहारी’ आहेत.

त्वचा गोरी करण्याचे आश्वासन देणाऱ्या काही क्रीममध्ये पाऱ्याचे क्षार असतात. त्वचेला वर्ण देणारे मेलॅनिन तयार होण्याची क्रिया पारा अडवतो, त्यामुळे काही आठवड्यांत रंग उजळल्यासारखा दिसतो. हा पारा त्वचेतून रक्तात आणि तेथून मूत्रपिंडात पोचतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आढळले. त्यांपैकी १५ जणांत एक विरळा प्रकार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी विकारापूर्वी गोरेपणाची क्रीम वापरली होती. भारतीय नियमांनुसार डोळ्यांच्या प्रसाधनांत पारा दशलक्ष भागांत ७० भागांहून अधिक नसावा आणि इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारा दशलक्षात एका भागापेक्षा अधिक नसावा. प्रसाधनांतील रंगांत शिसे दशलक्षात २० भाग आणि आर्सेनिक २ भाग, एवढीच मर्यादा आहे. उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेल्या डबीला या मर्यादा लावणार कोण? अशी डबी कितीही स्वस्त वा परिणामकारक वाटली, तरी घरात आणू नये.

परंपरेतील वस्तूंनाही हा नियम लागू आहे. हळदीवर क्षाराची क्रिया करून केलेले कुंकू लाल होते ते हळदीतील रंगद्रव्यामुळे. शेंदूर मात्र शिशाचे ऑक्साइड आहे आणि जुन्या पद्धतीचा सुरमा म्हणजे शिशाचे सल्फाइड. शेंदराचा टिळा देवाला लावणे वेगळे आणि तो लहान मुलाच्या कपाळी रोज लावणे वेगळे. मुलाचा हात कपाळावरून तोंडात जातो आणि वाढत्या मेंदूला शिशाचा अल्प अंशही बाधतो.

मेहंदीची गोष्टही अशीच. हिरव्या पानांची मेहंदी तांबूस रंगते. मिनिटांत काळी रंगणारी ‘काळी मेहंदी’ बहुधा पी.पी.डी. या केसांच्या रंगातील रसायनामुळे काळी होते. काहींच्या त्वचेवर त्याने फोड येतात आणि एकदा जडलेली ॲलर्जी पुढे कायम राहते. केसांच्या रंगांच्या वेष्टनावर आधी थोड्या त्वचेवर चाचणी घेण्याची आणि तो रंग भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे, ते याच कारणाने. ती सूचना अंधत्वाचा धोका टाळण्यासाठी आहे.

घरात काय करता येईल

नव्या वस्तूच्या खरेदीपूर्वी वेष्टनाची मागची बाजू दोन मिनिटे वाचावी. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक तेथे उतरत्या प्रमाणात लिहिणे सक्तीचे आहे, म्हणून पहिली चार-पाच नावे वस्तूचे खरे स्वरूप सांगतात. कार्माइनसारखा रंग मात्र यादीच्या शेवटी सापडतो, म्हणून शेवटही वाचावा. घरातील महाविद्यालयीन मुलामुलींवर हे काम सोपवावे. रसायनांची इंग्रजी नावे त्यांना परिचित असतात आणि या निमित्ताने घराचा आचार त्यांच्या अभ्यासाशी जोडला जातो.

दुतोंडी घटकांविषयी उत्पादकाला लेखी विचारावे. त्याचा पत्ता वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. ग्लिसरीन व स्टिअरिक आम्लाचे मूळ काय, मध, मेण किंवा शेलॅक आहे काय, आणि हे उत्तर प्रत्येक खेपेला लागू आहे काय, असे नेमके प्रश्न असावेत. ‘आमचे उत्पादन नैसर्गिक आहे’ हे त्यांचे उत्तर नव्हे. समाधानकारक उत्तर देणाऱ्या उत्पादकांची यादी महिला मंडळाने किंवा पाठशाळेने ठेवली, तर एका घराचे कष्ट शंभर घरांच्या कामी येतील. खूण ऐच्छिक असताना असे विचारणारे ग्राहक वाढले, तरच ती देणारे उत्पादक वाढतील.

एखाद्या प्रसाधनाने त्वचेवर चट्टे उठले, सूज आली किंवा क्रीम सुरू केल्यानंतर पायांना सूज अथवा लघवीला फेस दिसला, तर वापर तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. जाताना ती डबी बरोबर न्यावी, फेकून देऊ नये. तिच्यावरील परवाना आणि बॅच क्रमांक यांच्या आधारेच अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते आणि त्याच बॅचची वस्तू वापरणारी इतर कुटुंबे वेळीच सावध होऊ शकतात.